आधी जीभ दाखवा: हाँगकाँगमध्ये बद्धकोष्ठावर घेतलेला चिनी काढा

सुरुवातीलाच सांगते, विषय संडासाचा आहे, जेवता जेवता मोबाईल बघत असाल तर आधी हात धुऊन घ्या आणि मग वाचा.

आम्ही हाँगकाँगला राहतो त्याला नऊ वर्षं झाली. घर हुंग होमला, नवरा विम्याच्या कंपनीत, मुलगी तेरा वर्षांची आणि इथल्या लोकल शाळेत शिकते त्यामुळे तिचं कँटोनीज एकदम फाडफाड, माझं मात्र अजून भाजीवालीशी भाव करण्यापुरतंच. मी मूळची साताऱ्याची, वय ४७. गेल्या वर्षी पाळीत अंगावरून फार जायला लागलं, हिमोग्लोबिन ८.९ वर आलं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चालू केल्या. त्या गोळ्यांनी रक्त चढलं पण खाली सगळं थांबलं. आधी दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी, आणि जे काय व्हायचं ते काळे कुळकुळीत खडे. कुंथून कुंथून डोळ्यांपुढे काजवे. इथले फ्लॅट किती लहान असतात ते माहीत असेलच, संडासचं दार आणि मुलीच्या अभ्यासाचं टेबल यात हातभर अंतर, म्हणजे माझी सगळी तपश्चर्या तिच्या गणिताच्या पार्श्वसंगीतासकट.

घरगुती उपाय सगळे झाले. इसबगोल झालं, रात्री गरम दुधात तूप झालं, पपई, भिजवलेल्या मनुका, सकाळी तांब्याभर कोमट पाणी. डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं गोड सिरप दिलं त्याने पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, बाकी काही नाही. त्यांनी थायरॉइड बघितलं, शौचातून रक्त जातंय का ते तपासलं, दोन्ही ठीक निघालं, मग एक चित्रांचा तक्ता पुढे केला, ब्रिस्टल स्केल म्हणतात त्याला, १ ते ७ प्रकार, आणि तुमचा कुठला ते बोट ठेवून दाखवा म्हणाले. मी पहिल्यावर ठेवलं. शेळीच्या लेंड्या. इतक्या वर्षांत आपल्याकडे कुणाला तक्ता काढायची गरज पडली नाही कारण शब्दच इतका चपखल आहे.

आईचं फोनवर एकच, "सोनामुखी घे गं, एका रात्रीत मोकळी होशील." आणि मी एकच, नाही. कारण आमची आजी. आजीने सोनामुखीचं चूर्ण पंधरा-वीस वर्षं रोज घेतलं, आधी अर्धा चमचा, मग एक, मग दोन, आणि शेवटी चूर्ण नसेल तर तिला काहीच व्हायचं नाही, गावाला जाताना लुगडं विसरेल पण ती पुडी विसरायची नाही. ते बघत मोठी झाले त्यामुळे सोनामुखी नको हे माझं पक्कं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे याचीच गंमत झाली.

आमच्या शेजारी एक आजीबाई राहतात, इथल्याच, त्यांना सगळेच पो पो म्हणतात म्हणून मीही. लिफ्टमध्ये माझा चेहरा बघून त्यांनी काय झालं विचारलं, मी पोटाकडे हात करून "बिन बेई" म्हटलं (बद्धकोष्ठाला कँटोनीजमध्ये हा शब्द, मुलीकडून आधीच शिकून ठेवला होता), तर बाई मला तशीच हाताला धरून खाली काढ्याच्या दुकानात घेऊन गेल्या. इथे रस्त्यांवर अशी दुकानं असतात, पितळेचे मोठे चकचकीत हंडे, वाडग्यात ओतून देतात, उभ्याउभ्या प्यायचं आणि चालायला लागायचं. लोक ऑफिसला जाताना पितात, आपण टपरीवर कटिंग मारतो तसं. एक चोवीस वनस्पतींचा काळा काढा असतो तो इतका कडू की कडुलिंब त्यापुढे पेढा. पण माझ्यासाठी पो पोंनी मागवलं ते पांढरट दुधासारखं, कोमट, जरा दाट. नाव फो मा यान. चव अशी की तीळ वाटून पाण्यात कालवले आणि गूळ घालायला विसरले. वाईट नव्हतं अजिबात.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, त्याने शोधलं आणि खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. फो मा यान म्हणजे भांगेच्या बिया. म्हणजे ज्या झाडाचा गांजा होतो त्याच झाडाच्या. आणि हे त्या हाँगकाँगमध्ये जिथे १ फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडी तेलाची (त्याच झाडातलं द्रव्य, पण नशा न आणणारं) बाटली सापडली तरी अमली पदार्थांच्या कायद्याखाली आत टाकतात. बियांमध्ये नशेचं काही नसतं, त्यात असतं तेल आणि चोथा, आणि तेच आतड्याला वंगण घालतं, आपल्याकडे उत्तराखंडात याच बियांची चटणी करून खातात, पण आईला फोनवर "भांगेचं दूध प्यायले" एवढं सांगायची देर, तिने आधी बाबांना हाक मारली.

फो मा यानने थोडं बरं वाटलं, खडे जरा मऊ झाले, पण दिवस चारचे तीन एवढंच. मग पो पो म्हणाल्या खऱ्या वैद्याकडे जा. इथे चिनी वैद्य म्हणजे कुणीही उठून बसलेला माणूस नाही हं, १९९९ साली कायदा झाला, त्यांची कौन्सिल आहे, परीक्षा आणि नोंदणी आहे, नोंदणी झालेल्या वैद्याने दिलेलं सिक लीव्हचं सर्टिफिकेट कंपनीला मान्य करावं लागतं. हे कळल्यावर जरा धीर आला. पो पोंचे वैद्य शेउंग वानला बसायचे, को शिंग स्ट्रीटच्या जवळ, म्हणजे इथली काष्ठौषधींची घाऊक पेठच ती. शनिवारी मुलीला दुभाषी म्हणून बरोबर घेतलं. तिला फक्त "डॉक्टरकडे जायचंय" एवढंच सांगितलं होतं, ही माझी चूक, मान्य.

त्सिम शा त्सुईहून स्टार फेरी, पलीकडे उतरून ट्राम. त्या भागात ट्राममधून उतरलं की पहिला धक्का नाकाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सुकवलेली मासळी, कोळंबी, शिंपल्या, काय काय, मला एकदम मालवणच्या बाजारात सुकट-बोंबलांच्या ढिगापुढे उभी असल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं, मुलीला वाटलं वासाने. मग गल्ली वळली की वास बदलतो, लाकूड, साल, मुळं, सुंठ, कुठेतरी ज्येष्ठमध, आणि मग आपल्या काष्ठौषधीवाल्याचं दुकान आठवतं.

वैद्य सत्तरीचे असतील, बारीक, पांढरा कोट, टेबलावर मनगट ठेवायला छोटी उशी. बसल्या बसल्या म्हणाले जीभ दाखवा. मी दाखवली. त्यांनी बघितली, भुवया वर, मुलीला काहीतरी विचारलं, ती म्हणाली, "आई, ते विचारतायत तू जीभ घासून आलीस का." अर्थात घासून आले, डॉक्टरकडे जाताना कुणी तशीच जातं का, चांगली तांब्याच्या जिभलीने खरवडून आले होते. तर ते हसले आणि म्हणाले सगळा पुरावा धुऊन आलात. जिभेवरचा थर बघूनच त्यांना आतलं कळतं म्हणे, त्यामुळे जायच्या आधी जीभ घासायची नाही, हळदीचं दूध, चहा-कॉफी पण नाही कारण रंग चढतो. कुणी जाणार असाल तर हे आधी वाचून ठेवा, मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग नाडी. आपल्याकडे बायकांची डाव्या हाताची बघतात असं मला माहीत, यांनी दोन्ही मनगटं धरली, तीन तीन बोटं, आधी हलकी मग दाबून, दोन-तीन मिनिटं कुणी काही बोलत नाही, भिंतीवरचं घड्याळ तेवढं. आणि मग प्रश्न चालू झाले आणि माझ्या लेकीचं तोंड हळूहळू टोमॅटो.

"किती दिवसांनी होते?" "पहिल्यांदा कडक आणि मग मऊ, का सगळीच कडक?" "झाल्यावर अजून राहिलंय असं वाटतं का?" "वास कसा?" "वारा सरतो का, आवाजासकट?" पोर आधी मराठीत विचारायची मग इंग्रजीत गेली, मग नुसत्या खुणांवर. एकदा तर म्हणाली "आई प्लीज हो किंवा नाही एवढंच सांग, मी वर्णन करणार नाहीये." पण वैद्य अगदी निर्विकार, जेवलात का विचारावं तसं विचारत होते. इतक्या वर्षांत मला कुणी एवढं सविस्तर विचारलंच नव्हतं हे तेव्हा डोक्यात आलं. आमचे डॉक्टर चांगले आहेत पण त्यांच्याकडे सात मिनिटं असतात. यांनी पाणी किती पिता, तहान लागते का, गरम आवडतं की गार, घाम, झोप, पाळी, आणि एक प्रश्न जो मला अगदीच वाट चुकलेला वाटला, रात्री लघवीला किती वेळा उठता. मी म्हटलं तीनदा तरी. त्यावर त्यांनी मान डोलावली, जसं काही हेच ऐकायचं होतं.

मुलगी भाषांतर करून म्हणाली, "ते म्हणतायत तुझी स्प्लीन बांधली गेलीय." मी घाबरलेच, प्लीहा? मलेरियात वाढते ती? सोनोग्राफी करायची का? तर नाही, त्यांच्या शास्त्रातली प्लीहा म्हणजे आपल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातली नाही, ती म्हणजे पचन आणि शरीरात पाणी फिरवायचं खातं. ते खातं अडलं की पाणी सगळं मूत्राशयात जातं, आतडं कोरडं राहतं, म्हणून लघवी सारखी आणि शौच दगड. हे वर्णन त्यांच्या शांग हान लुन नावाच्या ग्रंथात आहे, चांग चुंगचिंग नावाच्या वैद्याने इसवी सन २०० च्या आसपास लिहिलेला. नंतर मी वाचलं की त्याच्या दोनशेच्या वर माणसांच्या कुळातली दोन तृतीयांश माणसं दहा वर्षांच्या आत गेली, बहुतेक तापाने, म्हणून त्याने तो ग्रंथ लिहिला. प्लीहा बांधली गेली हे मला पटलं का, तर नाही, पण रात्री तीनदा उठणं आणि सकाळी काहीच न होणं हे दोन्ही एकत्र जोडून विचारणारा हा पहिलाच माणूस.

औषधाचं नाव मा ची यान युन, त्याच ग्रंथातलं. मुळात ती मधात वळलेली गोळी, दहा गोळ्या दिवसातून तीनदा, आणि गुण येईपर्यंत हळूहळू वाढवायची असं लिहिलंय. सहा वनस्पती. भांगेच्या बिया, दाई वाँग नावाचं पिवळं मूळ, कच्ची वाळवलेली कडू संत्री, मॅग्नोलियाच्या झाडाची साल, पांढऱ्या पिओनीचं मूळ आणि जर्दाळूच्या बियांचा गर. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की बाकी सगळं वजनाने नाहीतर मापाने आहे पण साल मात्र लांबीने, एक फूट साल घ्या. जसं आपल्या आज्या वीतभर दालचिनी म्हणायच्या. त्याच ग्रंथात मध आटवून बोटाएवढी कांडी वळून मागून सारायचा उपाय पण दिलाय, तो मुलीने मला वाचून दाखवायला साफ नकार दिला.

मला वैद्यांनी गोळी नाही काढाच दिला, रक्त कमी म्हणून त्यात तोंग क्वाई नावाचं मूळ वाढवलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पोटात बाळ असण्याची शक्यता आहे का, हे दोन्ही दोन-दोनदा विचारलं, कारण तोंग क्वाई त्या गोळ्यांबरोबर जमत नाही आणि दाई वाँग गरोदर बाईला द्यायचंच नाही. लोहाची गोळी आणि काढा यात दोन तासांचं अंतर ठेवा म्हणाले. तळलेलं, फार तिखट बंद, ते "यीत हेई" आहे. मुलगी शब्द शोधत बसली, मी म्हटलं अगं कळलं मला, उष्ण पडतं. तिला वाटलं मला कँटोनीज यायला लागलं. पाच दिवसांच्या औषधासकट साडेचारशे हाँगकाँग डॉलर झाले.

पुढे औषध बांधून घ्यायचा कार्यक्रम, आणि तो खरंच बघण्यासारखा. भिंतभर लाकडी कपाट, लहान लहान खणांचं, त्याला शंभर लेकरांचं कपाट म्हणतात. काउंटरवर पाच कागद पसरले. एकेक वनस्पती पाच दिवसांची एकदम हातातल्या छोट्या तराजूने तोलायची आणि मग नुसत्या हाताने पाच कागदांवर सारखी टाकत जायची, सत्यनारायणाला प्रसादाचे पुडे करतात तशी. भांगेच्या बिया पितळी खलबत्त्यात टण टण कुटल्या. दाई वाँगची मात्र वेगळी छोटी पुडी, तिच्यावर दोन अक्षरं. मुलगी म्हणाली "हाऊ हा" म्हणजे मागाहून टाकायचं. वर प्रत्येक पुड्याबरोबर एक सुकवलेला गोड आलुबुखारा, लहान पोरांना देतात तसा, कडू तोंडासाठी.

घरी काढा करायचा मातीच्या भांड्यात, लोखंडाचं चालत नाही. अर्धा तास भिजवायचं, चार वाडगे पाणी, आटवून एक वाडगा, शेवटची पाच-सात मिनिटं राहिली की दाई वाँग टाकायचं. पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात घर, पडदे, कपडे, मुलीची शाळेची बॅग सगळं औषधाचं होतं. रंग गडद तपकिरी. पहिला घोट कडू, मग जिभेला ओढणारा तुरट, आणि मागून त्या तोंग क्वाईचा गोडसर सेलरीसारखा वास, जो मला अजूनही नकोसा वाटतो. नाक दाबून संपवला, आलुबुखारा तोंडात टाकला. रात्रीचे साडेनऊ.

पहाटे पाच चाळीसला जाग आली ती पोटातल्या आवाजाने. कळ नव्हती, नुसती गुरगुर, आणि मग ती ओळखीची, किती दिवसांत न झालेली जाणीव की आता जायला हवं. गेले. झालं. कुंथणं नाही, काजवे नाहीत. तक्त्यावर चौथा नंबर! मी तिथेच बसून दोन मिनिटं खरोखर हसत होते. बाहेर आले तर नवरा दारात उभा, "झालं?" मी अंगठा दाखवला. आईला मेसेज टाकला, तिकडे पहाटेचे सव्वातीन, तरी तिचा लगेच रिप्लाय, हात जोडल्याचं चिन्ह.

दुसरा दिवसही असाच छान गेला. तिसऱ्या दिवशी मात्र माती झाली. सकाळी दोनदा झालं, मला वाटलं संपलं, बाहेर पडले, सेंट्रलहून ट्राम पकडली आणि ट्राममध्ये जो मुरडा आला की काय सांगू. ट्रामला घाई नसते, ती आपली डिंग डिंग करत डुलत चाललेली, सिग्नलला थांबतेय, पुढची ट्राम उभी म्हणून थांबतेय, आणि मी दांड्याला धरून रामरक्षा. मधेच उतरून एका मॉलमध्ये धावले, वेळेत पोचले, एवढंच लिहिते. त्या दिवशी एकूण पाच वेळा. त्यात लघवीचा रंग गडद पिवळा-तांबूस, म्हटलं किडन्या गेल्या. संध्याकाळी मुलीकडून फोन लावून घेतला. वैद्य म्हणाले रंग दाई वाँगचा आहे, घाबरू नका, एक दिवस काढा बंद, भाताची पेज खा, आणि परवापासून दाई वाँग मागाहून न टाकता सुरुवातीपासून उकळा, तेही निम्मंच. म्हणजे कमी उकळलं तर औषध जोरदार आणि जास्त उकळलं तर सौम्य, उलटं वाटतं ना? उकळून उकळून त्यातला जुलाब करणारा भाग मोडतो. तसं केलं आणि शेवटचे दोन पुडे अगदी सुरळीत गेले. पण पहिल्याच वेळी माझ्यासारख्या अशक्त बाईला एवढं जोरदार द्यायला नको होतं असं माझं अजूनही मत आहे, तेही त्यांना नंतर सांगितलं.

त्या पेज खायच्या दिवशी घरात पडून होते म्हणून हे दाई वाँग आहे तरी काय ते वाचत बसले. तर निघालं काय, आपली रेवाचिनी! जिच्या नावातच चिनी आहे, काष्ठौषधीवाल्याकडे मिळते तीच, इंग्रजीत ऱ्हुबार्ब. आणि तिच्यात जुलाब करणारी जी द्रव्यं आहेत त्यात सेनोसाइड्स. म्हणजे सोनामुखीत असतात तीच! झाडं एकमेकांच्या नात्यातली नाहीत, पण पोटात जाऊन काम तेच, मोठ्या आतड्यातले जंतू त्याचं रूप बदलतात आणि मग आतडं हलतं, म्हणूनच रात्री घेतलं की पहाटे कळतं. घ्या. आजीच्या पुडीपासून पळत पळत मी थेट शेउंग वानला पोचले आणि साडेचारशे डॉलर देऊन तिचीच पुडी घेऊन आले, वर आलुबुखारा.

आईला सांगितलं तर ती इतकी हसली की बाबांना फोन घ्यावा लागला.

आता जरा विषयांतर, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८३९ साली चीनमध्ये कँटनजवळ इंग्रज व्यापाऱ्यांची अफू जाळायला... नाही, जाळली नव्हती, चुना-मीठ घालून समुद्रात सोडली होती, तर ती सोडणारा अधिकारी लिन त्सशू, त्याने व्हिक्टोरिया राणीला जे पत्र लिहिलं त्यात म्हटलंय की आमचा चहा आणि रेवाचिनी यांच्याशिवाय परदेशी लोकांचा एक दिवस निघत नाही. थोडक्यात, रेवाचिनी बंद केली तर तुमची पोटं तुंबतील. आणि ती अफू कुठून यायची, तर बंगालमधून आणि माळव्यातून, माळव्याची आपल्या मुंबईच्या बंदरातून. अफूचा पहिला दुष्परिणाम काय विचाराल तर बद्धकोष्ठ! म्हणजे आपल्या बंदरातून पोट बांधायचं औषध जात होतं आणि त्यांच्याकडून सोडायचं येत होतं. त्या भांडणातून १८४२ ला हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं आणि त्याच हाँगकाँगमध्ये बसून मी रेवाचिनी पितेय.

नवऱ्याला असं काही सांगितलं की तो आकडे काढतो, धंदाच तो. त्याला सापडलं की याच औषधावर हाँगकाँग बॅप्टिस्ट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी नीट चाचणी केलीये, २९१ पेशंट, तीन गट, एकाला मा ची यान, एकाला चक्क सोनामुखी, आणि एकाला खोटी पुडी, आठ आठवडे. मा ची यानवाल्यांत शंभरात ६८ जणांना गुण आला, सोनामुखीवाल्यांत ५८ च्या आसपास, आणि खोट्या पुडीवाल्यांत ३३. औषध थांबवल्यावर पुढचे आठ आठवडे बघितलं तर मा ची यानवाल्यांत ४७ टक्के टिकून होते, सोनामुखीवाल्यांत २१, खोट्या पुडीवाल्यांत साडेसतरा. नवरा म्हणाला म्हणजे घेत असताना दोघांत फार फरक नाही, खरा फरक थांबवल्यावर. मी म्हटलं आणि तीनातला एक जण नुसत्या पुडीच्या भरवशावर मोकळा होतो त्याचं काय? त्यावर तो म्हणाला तुला पहिल्या दिवशी जे झालं तेही कदाचित तेच. आम्ही त्यावरून अर्धा तास भांडलो. पहाटे पाच चाळीसला मला कुणी विश्वासाने उठवलं नव्हतं, गुरगुरीने उठवलं होतं.

दुसऱ्या खेपेला जीभ न घासता गेले आणि मुलीला म्हटलं विचार त्यांना, यात सोनामुखीचंच द्रव्य आहे ना, मग सवय नाही का लागणार. मला वाटलं होतं टाळतील. तर ते म्हणाले हो आहे ना, म्हणून तर पाचच दिवस दिलं. त्यांच्याकडे दाई वाँगला सेनापती म्हणतात. सेनापतीला वेशीचा दरवाजा फोडायला बोलवायचं, घरी जावई म्हणून ठेवून घ्यायचं नाही (जावई हा माझ्या लेकीचा शब्द, ते नुसतं पाहुणा म्हणाले होते बहुधा). वर म्हणाले लोक दुकानातून डिटॉक्स चहा आणून महिनोन् महिने पितात, त्यातही हेच नाहीतर सोनामुखीच असते, आणि मग आतड्याचा आतला रंगसुद्धा काळपट होतो. ते खरंच आहे, आमच्या डॉक्टरांनीही नंतर तसंच सांगितलं.

या वेळच्या पुड्यात दाई वाँग अगदी नावाला, भांगेच्या बिया आणि तोंग क्वाई जास्त. आणि बाकीचं सगळं आपल्या आजीने सांगावं असं. पहाटे पाच ते सात ही मोठ्या आतड्याची वेळ, तेव्हा उठून बसा, होवो न होवो. बेंबीच्या दोन्ही बाजूंना तीन बोटं सोडून दाबा. कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्या. आणि काळ्या तिळाची पेज, ची मा वू, ती इथे गोडाच्या दुकानात मिळते, गरम, काळी, दाट, आणि हे एकच औषध असं की नवरा आणि मुलगी पण न सांगता घेतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी लोहाची गोळी रोजच्याऐवजी एक दिवसाआड केली, उलट तशी जास्त चांगली अंगी लागते आणि पोटाला त्रास कमी म्हणाले. (काढ्याचं त्यांना सांगितलं होतं, लपवू नका कुणी.) त्यामुळे नंतर जे नीट झालं ते काढ्याने, गोळी कमी झाल्याने, पाटाने की तिळाने हे मला सांगता येणार नाही. पहिल्या पाच दिवसांचं श्रेय मात्र सेनापतीला, त्यात वाद नाही. आणि मी वर जी नावं दिलीत ती घेऊन कुणी घरी प्रयोग करू नका, जर्दाळूच्या कडू बिया जास्त झाल्या तर विषारी असतात. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल तर आधी तपासणी, काढा नंतर.

तिसरी खेप महिन्याने. मुलीची परीक्षा होती पण ती आपणहून आली, आता तिला लाज राहिली नव्हती, उलट मैत्रिणींना ट्रामचा किस्सा सांगून झाला होता. वैद्यांनी जीभ बघितली, नाडी बघितली, आणि नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, किती दिवसांनी. मला तो आता पाठ झाला होता. मुलीने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मुई यात!" म्हणजे रोज. आठवडाभर घोकलं होतं.

वैद्य क्षणभर थांबले, मग मान मागे टाकून हसले. मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, सूर चुकला. तू आलुबुखारा म्हणालीस."

औषध नको म्हणाले. निघताना काउंटरवरच्या माणसाने नुसताच एक आलुबुखारा हातावर ठेवला.